आधी हाक, मग मोटार

आमच्या घरी दीड वर्षापूर्वी एक डबा आला. खरं म्हणजे तो मुलीचा जुना कॉम्प्युटर. तिनं अमरावतीला नवा घेतला आणि जुना भंगारवाल्याला द्यायला दारात काढून ठेवला, तेवढ्यात आमचे हे तिथे पोचले. जावयानं विचारलं, "बाबा, काय करणार याचं?" तर ह्यांनी नुसतं हसून घेतलं. हा माणूस असा हसला की मला धडकी भरते. अमरावतीहून अकोल्याला येताना एसटीत तो डबा ह्यांच्या मांडीवर होता आणि माझी लोणच्याची बरणी सीटखाली लोळत होती.

हे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी माझा स्वयंपाक सुधारला. मी लाटणं हातात दिल्यावर तो विषय सुटला आणि ते मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. तिथून त्यांना कळलं की सुधारलेल्या जगात प्रत्येक घरात एक सर्व्हर असतो. सर्व्हर म्हणजे काय, हे त्यांनी मला मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "घरातला एक कॉम्प्युटर, जो कधी बंद पडत नाही, सगळ्यांचं ऐकतो आणि सांगितलेलं काम न कुरकुरता करतो."

मी म्हटलं, "ही जागा आपल्या घरात आधीच भरलेली आहे."

त्यांना ते समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. डब्याला जागा हवी होती, ती माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाची निघाली. मी तीस वर्षं घरी ब्लाऊज शिवले. जठारपेठेच्या मागच्या आमच्या गल्लीत माझ्या हातचा ब्लाऊज घातला नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. आता शिवणं कमी झालं होतं हे खरं, पण मशीन कोपऱ्यात ढकललं गेलं तेव्हा वाईट वाटलं. त्यात डब्याला उकडतं म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडे वळलं. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको, कूलरचं तोंड कुणाकडे आहे यावरून घरात कोणाची किंमत किती ते कळतं.

पण खोटं कशाला बोलू, डबा कामाचा निघाला. घरातले सगळे फोटो त्यात गेले आणि टीव्हीवर दिसायला लागले. ह्यांनी त्यात कीर्तनं भरली, भजनं भरली, नाटकं भरली. एवढी भरली की ऐकायला दुसरा जन्म घ्यावा लागेल. सूर्य मावळला की ओसरीवरचा दिवा आपोआप लागायचा. हे बटणाशेजारीच खुर्ची टाकून बसलेले असायचे, पण हात लावायचे नाहीत. दिवा लागला की माझ्याकडे असं बघायचे, जणू सूर्यही त्यांनीच मावळवला. लाइट जाऊन परत आली की डबा पुन्हा उठेपर्यंत दहा मिनिटं हे त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे उभे. देवासमोर दोन मिनिटं उभे राहा म्हटलं तर पाय दुखतात.

मग त्यांचं लक्ष नळाकडे गेलं.

आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. चार-पाच दिवसांनी येतात, आणि कधी येतील ते आधी कळत नाही. कधी पहाटे, कधी ऐन दुपारी. त्यामुळे ज्या घरात नळ तिथे एक बाई कायमची बांधलेली. आमच्या घरात ती बाई मी. एक पाय मशीनवर आणि एक कान फाटकाजवळच्या खड्ड्यातल्या नळाकडे, अशी मी तीस वर्षं काढली. नळ आधी खोकतो, मग सुस्कारा टाकतो, मग धार येते. तो पहिला खोकला ऐकला की हातातली कात्री टाकून पळायचं. माझ्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मनात नळाचा हिशेब करत होते. नळ असलेल्या घरातल्या बायकांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही.

आमच्या पाइपावर तीन घरं. पहिलं आमचं, मधलं एका बँकवाल्यांचं, शेवटचं काकूंचं; काकूंची भिंत आमच्या भिंतीला लागून, पण पाइप बँकवाल्यांकडून वळून शेवटी तिथे पोचतो. काकू म्हणजे माळ्यांच्या घरच्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. सासर-माहेर दोन्हीकडे फुलांचाच धंदा. आता मळा राहिला नाही, पण घरामागे मोगऱ्याचे चार वाफे आहेत आणि त्यावर काकू अजून हार-गजरे करतात. लग्नसराईत त्यांच्या हातच्या मुंडावळ्यांसाठी लोक महिनाभर आधी सांगून जातात. एकदा हो म्हटलं की काकू ते काम परत करत नाहीत. ताप असला तरी अंगणात बसून ओवतात. मोगऱ्याच्या दिवसांत रोज सकाळी आमच्या फाटकाच्या कडीला एक गजरा अडकवलेला असतो. तो कशाबद्दल, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण मला माहीत होतं. आमच्याकडे नळाला पाणी ओढून घेणारी छोटी टिल्लू मोटार आहे. ती लावू नये हे सगळ्यांना माहीत आहे आणि ती सगळ्यांकडे आहे, फक्त काकूंकडे नाही. पहिल्या घरानं मोटार लावली की शेवटच्या घराच्या नळातून नुसती हवा येते. म्हणून मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एक रीत आहे. आमच्या नळाला पाणी आधी येतं, म्हणून हाक मी मारायची. "नळ आले वो काकूऽऽ!" मग काकूंची ओ यायची, "आले वो माय!" त्या आधी पिण्याचं भरायच्या, मग दोन ड्रम, मग मोगऱ्याचा हौद. झालं की तिकडून आवाज यायचा, "लावा आता!" मग आमच्या आणि बँकवाल्यांच्या मोटारी सुरू. यात कधी दहा मिनिटं जायची, कधी पंचवीस. तेवढा वेळ मी फाटकाशी उभी राहून शेंगा निवडायची नाहीतर काजं करायची. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. कुणी मोडलीही नव्हती.

हे त्या वेळेला कॉलेजात असायचे. सुट्टीच्या दिवशी नळ आलाच तर पेपर वाचत "नळ आले वाटतं" एवढं बोलायचे. म्हणजे ज्या कामाला ह्यांनी तीस वर्षांत कधी हात लावला नाही, नेमकं तेच काम त्यांनी डब्यावर सोपवायचं ठरवलं.

नळाच्या पाइपात त्यांनी एक बोटभर चकती बसवली. पाणी आलं की ती फिरणार, ती फिरली की डब्याला कळणार, डबा मोटार लावणार. वरची टाकी भरली की पाणी खालच्या टाकीत, ती भरली की कूलरच्या पिंपात, आणि सगळं भरलं की मोटार बंद. ह्यांच्या फोनवर निरोप. मला त्यांनी सगळं वहीत आकृती काढून दाखवलं. आकृतीत नळ होता, मोटार होती, टाक्या होत्या, बाण होते. काकू नव्हत्या. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी आकृतीकडे बघतच नव्हते. मी मनात बॅग भरत होते, कारण अमरावतीला नातवाचं बारसं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नळाची काळजी न करता चार दिवस घराबाहेर राहणार होते.

बारशाच्या दिवशी पंगत बसली होती. आमरस, पुऱ्या, कुरड्या. ह्यांचा फोन वाजला आणि ह्यांनी वाढप्याला हातानंच थांबवलं. "नळ आले. मोटार सुरू." व्याह्यांनी पुरी तोंडात धरूनच मान वळवली. थोड्या वेळानं दुसरा निरोप, "वरची टाकी भरली." मग, "खालची टाकी भरली." प्रत्येक निरोपाला ह्यांनी सगळ्या पंगतीला फोन दाखवला. नातू बाजूला राहिला, आमच्या टाकीचंच बारसं झालं. व्याही म्हणाले, "कमाल आहे बुवा सरांची!" आणि मलाही, खरं सांगते, अभिमान वाटला. मी एक वाटी आमरस जास्त घेतला. काकूंची आठवण आली ती हात धुताना. "काकूंना हाक कोणी मारली असेल हो?" मी ह्यांना विचारलं.

"मारली असेल बँकवाल्यांनी."

बँकवाले सुट्टीत गावाला गेलेत, त्यांच्या फाटकाला कुलूप आहे, हे आम्ही दोघांनीही निघताना पाहिलं होतं. पण सोयीचं तेवढंच आठवायचं म्हटलं की माणसाला बरोबर जमतं.

परत आलो त्या रात्री दमून झोपलो. सकाळी मी फाटक उघडलं तर कडीला गजरा नव्हता.

मी तशीच काकूंकडे गेले. त्या मागच्या अंगणात वाफ्याजवळ बसल्या होत्या. चारही वाफ्यांतली पानं करपून वळली होती आणि कळ्या होत्या तिथेच तपकिरी झाल्या होत्या. हौद कोरडा, त्यात एक पाल फिरत होती. मे महिन्यात मोगऱ्याला चार दिवस उपास घडवून वर पाचव्या दिवशीही पाणी हुकवलं तर दुसरं काय होणार?

"काकू, नळ आला नव्हता का?" मी विचारलं. विचारताना मलाच माझी लाज वाटली.

"आला व्हता ना," काकू म्हणाल्या. "तुमच्या मोटारीचा आवाज आला, तवा समजलं. नळ खोलून पायला तं नुसती हवा. तुयं फाटक वाजवलं मी, म्हटलं मास्तर घरी असतीन. कुलूप व्हतं. आत मोटार चालू अन् बाहेर कुलूप! मले वाटलं चोर शिरले काय घरात. पर चोर कायले पानी भरतीन?"

"मग हो?"

"मंग काय, घागरभर पानी मागच्या गल्लीतून आनलं प्यायले. लग्नाचं काम व्हतं, ते वापस केलं."

एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. काकूंनी काम परत केलं, हे मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते आमच्यामुळे झालं होतं. कुण्या पोरीनं बाजारातल्या मुंडावळ्या बांधून लग्न लावलं असेल. तिला काही फरक पडला नसेल, काकूंना पडला होता.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे आधी दाबाबद्दल बोलायला लागले. पाइपाचा व्यास, उतार, शेवटच्या टोकाला दाब का कमी होतो. मी म्हटलं, "फळ्यावर नका सांगू, मागं जाऊन वाफे बघा." ते गेले. पाच मिनिटांत परत आले, नळी घेतली, आमच्या टाकीला जोडली आणि भिंतीवरून पलीकडे टाकून स्वतः वाफ्यांना पाणी घालत राहिले. काकू म्हणाल्या, "आता घालून काय मास्तर, कळ्या तं गेल्या." हे तरी घालतच राहिले. त्यांचा चेहरा मी इतका पडलेला फार कमी वेळा पाहिला आहे. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला. माझाही आलाच. तीस वर्षं जी रीत मी फाटकाशी उभं राहून पाळली, ती मी चार दिवसांच्या आमरसासाठी विसरले होते.

पण फिजिक्सचा मास्तर चूक कबूल करतो ती दुरुस्त करण्यापुरतीच. दोन दिवसांनी ह्यांनी फाटकावर एक स्पीकर बांधला आणि मला म्हणाले, "हं, हाक मार." मी मोबाइलसमोर उभी राहून, रिकाम्या गल्लीकडे बघत, "नळ आले वो काकूऽऽ" म्हटलं. तीनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्या दोनदा मला हसू आलं. आता डबा आधी माझ्या आवाजात हाक मारणार, मग दहा मिनिटं थांबणार आणि मग मोटार लावणार. ह्यांच्या मते रीत जशीच्या तशी डब्यात उतरली होती.

पुढचा नळ दुपारी आला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि बाहेरून मीच ओरडले. अंगावर काटाच आला. मी वाट बघितली, पलीकडून ओ आली नाही. दहा मिनिटं झाली आणि मोटार सुरू झाली. हे फोन हातात घेऊन बघत होते. मी कणकेच्या हातानंच बाहेर धावले आणि मोटारीचं बटण बंद केलं.

काकूंचा एक ड्रम भरला होता, दुसरा अर्धा. हौदाला अजून पाणी लागलंच नव्हतं. हे माझ्या मागोमाग आले.

"काकू, हाक ऐकू नाही आली का?" ह्यांनी विचारलं.

"आली ना."

"मग ओ काहून नाही दिली?" घाईत ह्यांची कॉलेजची भाषा सुटून वऱ्हाडी बाहेर आली.

"पेटीले काय ओ देऊ?" काकू बादली खाली ठेवत म्हणाल्या. "पहिल्याच हाकेले समजलं मले, हे बाई नाई. बाई बलावते तं तिचा आवाज कधी झोपेचा असते, कधी तंबाटे फोडणीत टाकल्यावानी. हे तं नुसतं बाहुलीवानी." मग बसून गुडघा चोळत म्हणाल्या, "अन् मास्तर, दहा मिन्टं तुमी कोनाले इचारून धरले? माया गुडघा रोज येगळा असते. आज एक बादली न्याले दोनदा टेकाव लागते. हाक मारली का मंग थांबा लागते. तुमची पेटी थांबत नाई, नुसती मोजते."

मास्तरांच्या वर्गात एवढं सरळ उत्तर कुणी दिलं नसावं.  मग काकूंनी खाली ठेवलेली बादली त्यांनी उचलली आणि हौदात ओतली. मीही दोन ओतल्या.

तरीही एक प्रयत्न राहिलाच होता. दोन दिवसांनी ते एक बटण घेऊन काकूंकडे गेले. भिंतीला लावायचं, भरणं झालं की दाबायचं, आमची मोटार आपोआप लागेल. काकूंनी ते बटण हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "मले तोंड हाये ना," त्या म्हणाल्या. ते बटण आता आमच्या देवघराच्या घंटीशेजारी पडून आहे.

शेवटी डब्याचं काम कमी झालं. आता नळ आले की तो ह्यांच्या फोनवर फक्त निरोप देतो. हाक हे मारतात. मी नाही, मला त्यातून सुट्टी आहे. पहिल्या दिवशी हे फाटकाशी गेले, घसा साफ केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसे म्हणाले, "काकू, नळ आले आहेत." आवाज आमच्या तुळशीपर्यंतही पोचला नाही. बँकवाले गावाहून परत आले होते. त्यांची सून खिडकीतून तोंड दाबून हसत होती. मी आतून ओरडले, "आहेत काढा आणि वो घाला!" मग ह्यांनी छाती भरून घेतली. "नळ आले वोऽऽ काकू!" गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. पलीकडून ओ आली, "आले वो मास्तर!"

आता नळ येतो तेव्हा हे फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. माझ्यासारखे शेंगा निवडत नाहीत, पण बसतात. जूनमध्ये मोगरा पुन्हा फुटला होता, एकेक पान, मग बारीक कळ्या. कडीला गजरा मात्र नव्हता आणि त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

परवाचीच गोष्ट. सकाळी नळ आला, हाक झाली, ओ झाली. मी ओसरीवर माझं मशीन उघडून बसले होते. ते आता पुन्हा उजेडात आलं आहे, आणि डबा कोपऱ्यात. बराच वेळ झाल्यावर काकूंचा आवाज आला, "लावा आता!"

ह्यांनी मोटारीच्या बटणाकडे हात नेला आणि थांबवला. उठून ओसरीलगतच्या भिंतीपाशी आले. "काकू, मोगऱ्याचं झालं का?"

पलीकडे बादली खाली टेकल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "नाई. हौद राह्यला. म्हटलं तुमाले उशीर होऊन राहिला असन."

"नाही होत उशीर."

तेवढ्यात ह्यांच्या हातातला फोन वाजला. मी बसल्या जागेवरून पाहिलं, लाल अक्षरांत डब्याचा इशारा होता. पाणी चालू आहे, मोटार बंद आहे, बिघाड तपासा.

"कोनाचा फोन व्हय मास्तर?" भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं.

ह्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. "कुणाचा नाही काकू," ते म्हणाले. "भरा तुम्ही. मी इथंच हाये."